एकट्या माणसाचं मशीन

आमच्या बोरिवलीच्या इमारतीत सातव्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहतात. हौस म्हणून गावच्या घराच्या पडवीत छोटं वर्कशॉप टाकावं, असं त्यांच्या मनात आहे. परवा लिफ्टमध्ये त्यांनी मला गाठलं. म्हणाले, "साळुंखे, मिगचं वेल्डिंग मशीन घेतोय. तुम्हाला त्यातलं कळतं म्हणे. गॅसवालं घेऊ, की बिनगॅसचं?"

मी तेहतीस वर्षं विम्याच्या कचेरीत कागदांना टाचण्या टोचल्या, तेवढंच माझं धातुकाम. पण या विषयात माझा दबदबा दहिसरपासून वांद्र्यापर्यंत पसरलेला आहे. तो मीच पसरवला, ही गोष्ट वेगळी. मी गंभीर चेहरा केला आणि विचारलं, "घरात माणसं किती?"

"माणसांचा काय संबंध?"

सातवा मजला आला आणि ते उतरले. संबंध समजावून सांगायचा तर लिफ्टला शंभर मजले लागले असते, आणि परब मिस्त्रींपासून सुरुवात करावी लागली असती.

आम्ही बोरिवलीच्या आधी मुलुंडला होतो, तिथे परब मिस्त्री आमच्या खालच्या घरात राहायचे. आमची दोन मजल्यांची जुनी सोसायटी. तळमजल्यावर परब, त्यांच्या डोक्यावर आम्ही. घराच्या मागच्या दाराला लागून पत्र्याची एक शेड होती, ते त्यांचं वर्कशॉप. तिथून निघालेल्या खिडक्यांच्या जाळ्या, गेटं आणि जिन्याचे कठडे मुलुंडभर आहेत. परबांची जाळी बसली की त्या घरात चोर शिरत नसे. शिरायला आलाच तर जाळीकडे बघत उभा राही आणि आयता पकडला जाई. एका चोराने पोलीस चौकीतून सुटल्यावर स्वतःच्या घराला परबांकडूनच जाळी करून घेतली, असं मी लोकांना सांगत असे. कुणी खोटं म्हटलं नाही, इतकी ती जाळी देखणी असायची.

माणूस काटकुळा, मालवणकडचा. भुवया कायम अर्ध्या, कारण उरलेल्या ठिणग्यांनी नेलेल्या. शर्टाला इतकी बारीक भोकं की त्यातून रवा चाळता आला असता. बोलणं कमी, आणि जे असे त्यात निम्मे मासे. वेल्डिंगची रेघ चांगली उतरली की म्हणायचे, "बघ, तांबोशीचे खवले." एकावर एक, सारखे, चकचकीत. रेघ फसली, तिच्यात हवेची भोकं राहिली, की मान हलवायचे. "घावन झाला." घावन ताटात जाळीदार हवं, लोखंडात नको.

त्यांचं जुनं मशीन हत्तीच्या पिल्लाएवढं होतं. ते सुरू झालं की आख्ख्या इमारतीचे दिवे मान टाकायचे आणि आमच्या टीव्हीवरची सासू आक्रसून सुनेएवढी व्हायची. पण कधी कुणी तक्रार केली नाही. कारण तक्रार करायला खाली गेलं, की परबवहिनी सोलकढीचा पेला हातात द्यायच्या.

आता वहिनींचं सांगायलाच हवं. जुन्या वेल्डिंगला मिस्त्रीच्या एका हातात रॉड लावलेला होल्डर आणि दुसऱ्या हातात तोंडापुढे धरायची काळी काच. मग जोडायचं लोखंड धरणार कोण? बाकीच्या मिस्त्रींकडे त्यासाठी हेल्पर असतो. परबांकडे वहिनी. लग्नाला दोन महिने झाले, तेव्हापासून. नऊवारी-पाचवारी काही असो, पदर खोचायचा, सांडशीत लोखंडी पट्टी पकडायची आणि तोंड फिरवून बसायचं. रॉड टेकवायच्या आधी मिस्त्री म्हणायचे, "डोळे मीट गो." वहिनी म्हणायच्या, "मिटले." मगच ठिणगी. मी वर गॅलरीत दाढी करताना ही दोन वाक्यं इतक्या वेळा ऐकलीत की वस्तरा गालावर असतानाही माझे डोळे मिटायचे.

डोळे मिटलेले असताना वहिनी गप्प बसत नसत. कोपऱ्यावरच्या दुकानात खोबरं खवट आलंय, वंदनाचं पत्र नाही, वरच्या साळुंख्यांची बायको हल्ली जिन्यात हसत नाही. मिस्त्री काचेआडून "हूं" म्हणायचे. वंदना त्यांची मुलगी. ती लहानपणी या शेडमध्ये गेटांवर झोके घेत वाढली आणि लग्न करून नाशिकला गेली. मागे हे दोघं उरले, आणि त्यांना पुरेसे होते.

एका श्रावणात पंधरा दिवस अंगात ताप राहिल्याचं निमित्त झालं आणि वहिनी गेल्या.

दिवसकार्य झालं आणि मिस्त्री पुन्हा शेडमध्ये गेले. वहिनींच्या जागी त्यांनी दोन विटा लावल्या. मग विटांवर पाटा. मग पाट्याला कपडे वाळत घालायची काठी टेकवली. पट्टी हलायचीच. डोक्याला बांधायचा मास्क आणून पाहिला, म्हणजे काच धरायचा हात मोकळा झाला. पण सत्तरीच्या माणसाच्या एका हातात लांब रॉडचं टोक थरथरतं. मोकळा झालेला हात त्याला आधार द्यायला खर्च झाला. हिशेब तिथल्या तिथेच. हे काम दोघांचंच होतं.

मी शेजारधर्माला जागलो. म्हटलं, "मिस्त्री, मी धरतो." मिस्त्रींनी माझ्याकडे मासळी बाजारात शिळा बांगडा बघावा तसं पाहिलं, पण सांडशी दिली. म्हणाले, "धर आणि गप ऱ्हव. डोळे मीट." मी मिटले. पण गप्प राहणं मला जमतं, बघितल्याशिवाय राहणं जमत नाही. मी एक डोळा किलकिला केला. केवळ एक. संध्याकाळपर्यंत दोन्ही डोळ्यांत मिरचीचं शेत पेटलं. बायकोने बटाट्याच्या चकत्या कापून डोळ्यांवर ठेवल्या आणि मी आडवा झालो. त्या रात्री आमच्याकडे भाजी झाली नाही, सगळा बटाटा माझ्या तोंडावर होता. मिस्त्री वर आले, उंबऱ्यात उभे राहिले. म्हणाले, "तिने चाळीस वर्षांत एकदा पण उघडूक नाय." आणि गेले.

पुढे मी धरायला गेलो नाही आणि त्यांनी बोलावलं नाही. मग एक दिवस त्यांनी पट्टी दोन्ही गुडघ्यांत धरली. ती सरकली आणि तापलेलं टोक मांडीला लागलं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तीन दिवस लंगडत नळावर आले तेव्हा माझ्या बायकोने नाशिकला फोन केला.

वंदना दुसऱ्या दिवशी दुपारी हजर. उंच, आवाज खणखणीत. शाळेत शिकवते, ते न सांगता कळतं. तिने आधी मांडीवरची जखम बघितली, मग शेड. विटा, पाटा, काठी. तिथे बरंच काही समजलं असावं तिला, कारण आवाज खाली आला.

"बाबा, बास आता. मशीन भंगारात द्या आणि चला नाशिकला."

"तिथे काय करू?"

"काही करू नका. त्यासाठीच तर बोलावतेय."

मिस्त्री जमिनीकडे बघत राहिले. काही न करण्याची शिक्षा कुठल्या गुन्ह्यासाठी, हे शोधत असल्यासारखे. मग म्हणाले, "दिवाळीपर्यंत थांब. एक आख्खं गेट करतो. मापापासून रंगापर्यंत, कुणाचा हात न लागता. झालं तर मी इथे. नाही झालं तर कुलूप तूच लाव."

"आणि पुन्हा भाजलं तर?"

"तर दिवाळीची वाट कशाला बघतेस."

वंदनाने माझ्याकडे बघितलं. "काका, तुम्ही साक्षीला. एकट्याने म्हणजे एकट्याने. धरायला गेलात तर मला कळेल." माझे डोळे अजून लाल होते. मी म्हटलं, "बाई, त्याची काळजी नको."

असा तो शर्तीचा मामला. इथून पुढे दिवाळीपर्यंतचे बरेच रविवार मी मिस्त्रींबरोबर मशीन बघत हिंडलो. बसने अंधेरी, बसने घाटकोपर, एकदा भर उन्हात साकीनाक्याला चालत. मला का नेत होते, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. बसमध्ये दोघांची जागा पकडायचे, मी बसल्यावर खिडकीबाहेर बघायचे. घाटकोपर येईतो एखादं वाक्य. परतताना तेही नाही.

मिग म्हणजे काय ते एकदाच सांगतो, माझी विद्वत्ता एवढीच आहे. रॉड उदबत्तीसारखा जळत आखूड होतो. मिगला रॉड नाही. हातात पिस्तुलासारखी टॉर्च, तिचा घोडा दाबला की मशीनमधल्या रिळावरची बारीक तार आपोआप पुढे येते आणि वितळत राहते. टॉर्च आखूड, म्हणून एका हातात स्थिर राहते. दुसरा हात मोकळा. म्हणजे लोखंड धरायला तुमचा तुम्हीच पुरता. हे मिस्त्रींनी कुठूनतरी ऐकलं होतं आणि त्यावर त्यांनी आपली दिवाळी लावली होती.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एक काचेचं दुकान होतं. आत इतकं थंड की मशीनंही शहारलेली. टाय बांधलेला विक्रेता पुढे आला. दोनशे अँपिअर, आकडे दाखवणारा पडदा, तार आणि जाडी सांगितली की बाकीचं मशीन स्वतः ठरवतं. त्याचं आवर्तन संपेपर्यंत मी एक डुलकी काढली.

मिस्त्री म्हणाले, "माका एकट्या माणसाचा मशीन होया."

"सर, सगळी मशीनं एकच माणूस चालवतो."

"चालवता. उचलता कोण?"

आणि त्यांनी ते मशीन कवेत घेतलं आणि चालू लागले. दुकानाला पुरा एक वळसा. विक्रेता मागे, त्याच्या मागे सुरक्षारक्षक, त्याच्या मागे मी, अशी पालखी निघाली. वळसा पुरा होण्याआधी मिस्त्रींचा श्वास चढला. त्यांनी मशीन खाली ठेवलं, अगदी अलगद. "चांगला आसा. माझ्यासाठी नाय."

हीच त्यांची पहिली परीक्षा. कंपनी कुठली, रंग कुठला, नंतर. आधी कवेत घेऊन वळसा. त्यात निम्मी मशीनं गळाली. घरातल्या विजेवर चालतील का, या दुसऱ्या परीक्षेत आणखी गळाली, कारण मोठ्या मशीनला कारखान्याची तीन तारांची वीज लागते आणि आमच्या इमारतीची वीज, तुम्हाला माहीतच आहे, सासूची सून करणारी.

उरलं ते घाटकोपरच्या गल्लीतलं एक दुकान. दुकानदाराला सगळे सेठ म्हणायचे. पोट काउंटरवर ठेवून बसायचे, पण माल चालवून दाखवायचे. मागे एक टेबल, वर पंखा, बाजूला माणसाच्या उंचीचा गॅसचा सिलेंडर. मिगला तारेसोबत गॅसचा फवारा लागतो, वितळलेल्या लोखंडाला हवा लागू नये म्हणून.

मिस्त्रींनी पिशवीतून घरून आणलेल्या दोन पट्ट्या काढल्या. मास्क चढवला. डाव्या हाताने पट्टी धरली, उजव्या हातात टॉर्च. आणि घोडा दाबण्याआधी म्हणाले, "डोळे मीट गो."

दुकानात सेठ, दोन गिऱ्हाइकं आणि मी. चौघांनीही पटकन डोळे मिटले. भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या गणपतीनेही मिटले असावेत, मी बघितलं नाही. आम्ही वाट बघत राहिलो. ठिणगीचा आवाज येईना. पंखा तेवढा वाजत होता. मला कळलं ते कशासाठी थांबलेत, पण माझ्या तोंडून तो शब्द निघेना. तो माझा नव्हताच.

शेवटी सेठ म्हणाले, "बंद किया, काका."

तेव्हा तडतड सुरू झाली.

रेघ मात्र घावन. भोकंच भोकं. दुसरी रेघ, तेच. मिस्त्रींचे कान लाल झाले. म्हणाले मशीन फालतू. सेठ हसले नाहीत, मला त्यांचं हेच आवडलं. ते उठले आणि त्यांनी पंखा बंद केला. "काका, आप रॉडवाले हो ना? रॉड को पंखे से फरक नहीं पडता. ये गॅस है, हवा में उड़ जाता है."

तिसऱ्या रेघेला भोकं थांबली, पण टॉर्चचं तोंड खाडकन पट्टीवर आपटलं. चौथ्यालाही. पाचव्याला तर ते वितळलेल्या लोखंडात बुडालं आणि तिथेच चिकटलं. मिस्त्रींनी मास्क वर केला आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. चूक कुठे होती, ते त्यांना सेठच्या आधी उमगलं. रॉड जळून आखूड होतो, म्हणून हात सावकाश खाली, लोखंडाकडे न्यावा लागतो. चाळीसेक वर्षं तो हात तेच करत आला. इथे तार आपणहून पुढे येते, हाताने जागेवर राहायचं. नवशिक्याला हे पहिल्या दिवशी जमलं असतं. त्याला विसरायचं काही नसतं.

"हात खाली जाता," ते बसमध्ये म्हणाले. विक्रोळी गेल्यावर पुन्हा म्हणाले, "आपोआप जाता रे."

त्यानंतरचे तीन आठवडे आमच्या सोसायटीने एक दृश्य पाहिलं. परब मिस्त्री मागच्या ओट्यावर उकिडवे बसलेले, हातात उलटा धरलेला चमचा, आणि फरश्यांच्या सांध्यावरून तो चमचा एका बोटाच्या उंचीवर सरकवतायत. एक सांधा संपला की दुसरा. सकाळ, संध्याकाळ. चमचा टेकला की थांबायचे आणि पहिल्यापासून सुरू. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मी उभा राहून सांगितलं की ही कोकणातली प्राचीन योगसाधना आहे, तिने गुडघे सुधारतात. दुसऱ्या दिवशी दोन सभासद बायका चमचे घेऊन गच्चीत.

वरून बघताना मात्र मला हसू येत नसे. फरश्यांचे सांधे तसे थोडे. ते संपायचे आणि मिस्त्री तसेच बसून राहायचे, चमचा हवेत. ओट्यावर दुसरं कुणी नसायचं आणि घरात आत दिवा लावायचं राहून गेलेलं असायचं.

चौथ्या रविवारी आम्ही पुन्हा घाटकोपरला. सेठनी न सांगता पंखा बंद केला. मिस्त्रींनी या वेळी कुणाला डोळे मिटायला सांगितलं नाही, नुसता मास्क खाली घेतला. तडतड एका सुरात चालली, कढईत मोहरी पडावी तशी. संपली. मिस्त्रींनी पट्टी उजेडात धरली.

तांबोशी. डोक्यापासून शेपटापर्यंत.

सेठ काउंटरवरचं पोट उचलून जवळ आले. "काका, ऐसा लाइन तो मेरे दुकान में कोई नहीं मारा." गिऱ्हाइकांनी हातात घेऊन बघितली. मिस्त्री पट्टी उलटीसुलटी करत होते. कुणाला तरी दाखवायला हवी होती आणि दाखवायचं माणूस दुकानात नव्हतं. मग त्यांनी ती खिशात घातली, अजून गरम असताना. शर्टाला आणखी एक भोक.

मी म्हटलं, "झालं मिस्त्री. हेच घेऊन टाका." मशीन वळशाच्या परीक्षेत पास होतं, घरच्या विजेवर चालत होतं, रेघ तर समोर. मनातल्या मनात मी वंदनाला फोन लावलासुद्धा.

मिस्त्री सिलेंडरपाशी गेले. त्याला मिठी घातली आणि तिरका करून पाहिला. सिलेंडर हलला नाही. पाय रोवून पुन्हा. मिस्त्री सरकले, सिलेंडर नाही.

"काका, उसको दो आदमी लगते हैं," सेठ म्हणाले. "टेम्पो से उतारने को, चढ़ाने को. छोटा भी आता है, पर जल्दी खाली होता है. घड़ी घड़ी भरवाना पड़ेगा."

"म्हणजे घडी घडी कुणाला तरी हाक मारायची," मिस्त्री म्हणाले, सेठना नाही, सिलेंडरला.

मी म्हटलं, "मी आहे की. वरच राहतो." ते ऐकून न ऐकल्यासारखं करून ते काउंटरवर गेले. बिनगॅसची तार मिळते का? मिळते. तिच्या पोटातच मसाला असतो, जळताना तोच हवा अडवतो. सिलेंडर नको, पंखाही चालतो. फक्त धूर फार, ठिणग्या फार, वर पापुद्रा बसतो तो ठोकून काढायचा. आणि रेघ खडबडीत.

सेठनी एक ओढून दाखवली. खवले नव्हतेच. सुक्या बोंबलाची कातडी म्हणा फार तर.

"काका, आपका हाथ देखा मैंने. गॅसवाला ही लो. ये लाइन आपको अच्छा नहीं लगेगा."

"अच्छा लगने के लिए नहीं लेना है," मिस्त्री म्हणाले.

सेठनी बिलाचं पुस्तक पुढे ओढलं.   त्याच मशीनबरोबर त्यांनी बिनगॅसच्या तारेचं रीळ घेतलं. ते खोकं टॅक्सीपर्यंत त्यांनी स्वतः नेलं. मी दार उघडायला हात पुढे केला, तर म्हणाले, "ऱ्हवांदे." राहू दे.

गेट नऊ दिवस चाललं. मला शेडमध्ये मज्जाव. मी वरच्या गॅलरीतून बघायचो, तेही आवाज थांबला की. शिकंजे लावून पट्ट्या आवळायच्या, डाव्या हाताने जुळवायच्या, टाका मारायचा. मोठी चौकट उलटायला त्यांनी दोर आणि कप्पी बांधली. दोन माणसं पाच मिनिटांत उलटतील ती चौकट त्यांनी एकट्याने दुपारभर उलटली. धूर एवढा की समोरच्या इमारतीतल्यांनी फायर ब्रिगेडला बोलावलं, असं मी सांगतो. बोलावलं नव्हतं, पण खिडक्या लावल्या होत्या. मशीनच्या आवाजाखेरीज त्या नऊ दिवसांत खालून एक शब्द वर आला नाही. वहिनींच्या वेळी खोबऱ्याचा भावसुद्धा वर ऐकू यायचा.

वसुबारसेला वंदना आली. गेट शेडच्या मागच्या वाटेवर बसवून झालं होतं, काळा रंग वाळलेला. चहाही न घेता ती तिथे गेली. बिजागऱ्या पाहिल्या, कर्ण मोजला. बापाचीच पोर. मग एका सांध्यावरून बोट फिरवलं आणि थांबली.

"बाबा, हा वेल्ड तुमच्यासारखा नाही."

"नाय."

"खवले कुठेत?"

"खवल्यांक दोन माणसां लागतत."

वंदनाला ते समजलं की नाही, मला माहीत नाही. तिने पदर खोचला, थेट आईसारखा, चपला काढल्या आणि गेटच्या खालच्या पट्टीवर चढली. वजनाला ती काही कमी नाही, मी जास्त बोलत नाही. दोन्ही हातांनी वरची पट्टी धरून तिने पायाने जमीन ढकलली. गेट एवढं थोरलं माणूस घेऊन पुरं उघडलं, पुरं मिटलं. कुरकुरलं नाही. पुन्हा ढकललं. तिसऱ्यांदाही. ती खाली उतरली आणि गजांना धरून पाठमोरी उभी राहिली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "राहा."

जिंकलेल्या माणसाचा चेहरा मी निवडणुकीत पाहिलाय, रमीत पाहिलाय. तसा काही मिस्त्रींचा झाला नाही. त्यांनी मान हलवली आणि रंगाचा ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवून धुवायला घेतला. तो आधीच धुतलेला होता. वंदना भाऊबीजेच्या आत परत गेली. जाताना शेडला कुलूप लावून गेली नाही, एवढंच.

त्यानंतर त्यांचं काम चांगलं चाललं. लोक जाळ्या घेऊन जायचे. रेघेला पूर्वीची शान नाही, असं कुणी म्हणालं नाही, लोकांना मजबुतीशी मतलब. रविवारी मात्र ते मला हाक मारेनासे झाले. कशाला मारतील? मशीन तर मिळालं होतं. मी एकदोनदा बस स्टॉपपर्यंत उगाच जाऊन आलो.

होळीनंतर आमचं बोरिवलीचं ठरलं. मुलाने तिथे घर घेतलं, म्हणाला, चला. मला काही न करायला बोलावलं होतं, आणि मी, परब मिस्त्रींचा साक्षीदार, हो म्हणून बसलो. जिन्यात भेटले तेव्हा सांगितलं. "बरा झाला," ते म्हणाले. "कधी?" शनिवारी सकाळी. "टेम्पो लागात. सामान भरूक मी येतंय."

शनिवारी टेम्पो लागला. कपाट गेलं, पलंग गेला, बायकोची तुळस मांडीवर ठेवायला म्हणून वेगळी काढली. मिस्त्री आले नाहीत. शेडमधून तडतड मात्र पहाटेपासून चालू होती. सगळं भरून झालं, बायको ड्रायव्हरशेजारी बसली, तेव्हा मी मागच्या वाटेने गेलो आणि गेटशी उभा राहिलो.

ते टेबलावर वाकलेले, मास्क खाली. मी भिंतीकडे तोंड केलं आणि ते थांबायची वाट बघू लागलो. रॉड असता तर मिनिट-दीड मिनिटात संपला असता आणि माणसाला मान वर करावीच लागली असती. रिळावर अजून पुष्कळ तार होती. एक रेघ संपायची, क्षणभर अंधारल्यासारखं व्हायचं, की लगेच दुसरी. मास्क काही वर होत नव्हता.

मी हाक मारली. "मिस्त्री, निघतो."

तडतड चालूच.

मग पुढच्या रेघेआधी जो क्षण मिळतो, त्यात मी मान वळवून बघितलं. टेबलावर जाळी नव्हती, कठडा नव्हता, जोडायला काहीच नव्हतं. एक सपाट पत्रा होता. त्यावर ते एकाशेजारी एक रेघा ओढत होते, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि पत्रा जवळजवळ भरत आला होता. वेल्डिंग चालू असलेल्या माणसाजवळ कुणी जात नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

पुढे टेम्पोचा हॉर्न वाजला. मी डोळे मिटून थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. मग गेट न वाजवता लावून घेतलं आणि निघालो. टेम्पो वळेपर्यंत मागच्या भिंतीवर निळा उजेड थांबला नव्हता.